एकवचनी

मराठीत शब्द सहसा कुणी निवडत नाही. शब्द देतात, घेतात, टाकतात, पाळतात, मोडतात. कुणी शब्दाला जागतो, कुणी शब्द फिरवतो. निवडायचं काम आपण लेखकांवर आणि वकिलांवर सोपवून ठेवलं आहे. अलीकडे मात्र ख्रिस्ती घरांत एक नवी प्रथा शिरली आहे, बरीचशी इंग्रजी पुस्तकांतून आलेली. डिसेंबर संपता संपता प्रत्येकाने येणाऱ्या वर्षासाठी आपला एक शब्द ठरवायचा. धीर, कृपा, विश्वास, भरवसा, असा काहीतरी. तो कागदावर लिहून आरशाला किंवा फ्रिजला चिकटवायचा आणि वर्षभर घरातली प्रार्थना, मनन, स्वतःची झडती, सगळं त्या शब्दाच्या आधाराने करायचं. प्रथा दिसायला साधी आहे आणि तिच्यात वाईट काय, असं कुणीही विचारील. पण प्रार्थनेच्या बाबतीत साध्या दिसणाऱ्या गोष्टींवरच मंडळ्यांमध्ये सर्वांत जास्त वाद झालेले आहेत.

या प्रथेवरून एकाच घरातल्या दोघी भांडताहेत, अशी कल्पना करू. आत्या अहमदनगरची, शहर कागदोपत्री अहिल्यानगर झालं तरी तिच्या तोंडी 'नगर'च. भाची पुण्यात नोकरीला. दोघींना नावं देत नाही, कारण नावं दिली की वाचक त्यांना ओळखीच्या माणसांत शोधू लागतात. भाचीने यंदा 'शांत' हा शब्द घेतला आहे. आत्या म्हणते, "अगं, सहासष्ट पुस्तकांचं शास्त्र हाताशी आहे आणि तू त्यातला एक शब्द उचलून वर्ष काढणार? म्हणजे भरलेल्या ताटातलं लोणचं तेवढं चाटायचं." भाची ऐकून घेणाऱ्यांतली नाही. "आत्या, तू रोज रात्री अख्खा अध्याय वाचतेस. सकाळी चहाच्या वेळी त्यातलं काय उरलेलं असतं तुझ्यापाशी?" या भांडणात मी मध्ये बसणार आहे, पण तटस्थ राहणार नाही. मला भाचीची पद्धत हवी आहे आणि आत्याचा संशयही हवा आहे. माझं म्हणणं एवढंच की घरच्या प्रार्थनेला एक शब्द जरूर असावा, पण तो आपण आपल्या सोयीने निवडलेला नसावा. तो आपल्याला मिळालेला असावा, आणि ज्या वाक्यातून मिळाला त्या वाक्याशी त्याची नाळ तुटलेली नसावी.

आत्याचा आक्षेप ऐकायला धर्मशास्त्राचा वाटतो, पण त्याची मुळं इतिहासात आहेत, आणि तो टिंगलीने उडवून लावता येत नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. पुढे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. ज्यांच्यापासून अक्षर पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेलं होतं, अशी ही माणसं. चर्चच्या शेजारी शाळा उभी राहिली, आणि पुष्कळांच्या हाती पडलेलं पहिलं पुस्तक म्हणजे मराठी शास्त्र. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरीने १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं तेव्हापासून, पंडिता रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावहून त्यांचं साध्या मराठीतलं भाषांतर बाहेर पडलं तोवर, शंभराहून अधिक वर्षं कितीतरी माणसं याच एका कामाला लागलेली होती. सामान्य माणसाला पानच्या पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं. आत्या रोज अध्याय वाचते त्यामागे हे सगळं आहे. "ज्यांना एक अक्षर मिळत नव्हतं त्यांच्या नातवंडांनी आता एका शब्दावर समाधान मानायचं?" या प्रश्नाला भाचीपाशी चटकन उत्तर नाही. माझ्यापाशी आहे, पण ते अर्धं आत्याच्या बाजूचं आहे. वाचनाच्या जागी शब्द ठेवायचा असेल तर ती पीछेहाटच आहे. वाचून झाल्यावर हातात काय धरून उठायचं, एवढ्यापुरताच शब्दाचा प्रश्न येतो.

मग आत्या मत्तयाचा सहावा अध्याय पुढे करते. प्रार्थनेत निरर्थक बडबड करू नका, असं प्रभूने स्पष्ट सांगितलं असताना तोच तोच शब्द घोळत बसणं कशात मोडतं? हा आक्षेप इतका नेहमीचा आहे की तो कुणी नीट वाचतच नाही. तिथे वापरलेलं ग्रीक क्रियापद, बट्टालोगेओ, नव्या करारात पुन्हा कुठेही येत नाही. त्याचा अर्थ आजूबाजूच्या मजकुरावरूनच लावावा लागतो. आणि तो मजकूर लगेच पुढे कारण देतो: पुष्कळ बोललं की आपलं ऐकलं जाईल अशी त्या लोकांची समजूत असते. म्हणजे ताशेरा शब्दांच्या ढिगावर आहे. एक शब्द धरून बसणारा त्या ढिगाच्या नेमका उलट टोकाला असतो. पुनरावृत्तीचाच तिरस्कार असता तर गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, ही नोंद त्याच मत्तयाने ठेवली नसती. आणि १३६ व्या स्तोत्रात सव्वीसच्या सव्वीस ओव्यांना तेच पालुपद आलं नसतं. भाची खुशीत येते, पण तिलाही थोडं थांबवलं पाहिजे. गेथशेमानेतला तो शब्द आवडीचा नव्हता. तो पेला टळावा अशी इच्छा असताना, टळणार नसेल तर तुझ्या मनासारखं होवो, असं म्हणायला लावणारा तो शब्द होता. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

पुनरावृत्तीबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या भाषांतरांत हरवते. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस 'मनन' करतो, असं आपण वाचतो आणि डोळ्यांपुढे गप्प बसलेला, विचारात गढलेला माणूस येतो. मूळ हिब्रू क्रियापद हागा. यशयाच्या पुस्तकात हेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलं आहे आणि पारव्याच्या घुमण्यालाही. म्हणजे मनन हे गळ्यातून होणारं काम आहे, पुटपुटणं, घुमणं. पुढे लॅटिन मठांनी याच क्रियेला गाईच्या रवंथाची उपमा दिली, आणि मराठी वाचकाला ती समजावून सांगायची गरज नाही. रवंथ करायला आधी चारा खाल्लेला असावा लागतो, हेही त्याला ठाऊक आहे. कॅसियन या संन्याशाने ४२० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये बसून इजिप्तच्या वाळवंटातल्या वडीलधाऱ्या साधूंशी झालेली संभाषणं लिहून काढली. (संवादाचा हा घाट आपल्यालाच सुचला असं संवादात्मक लेख लिहिणाऱ्यांनी मानू नये.) त्यांतल्या दहाव्या संभाषणात अब्बा आयझॅक दोन तरुणांना एक छोटी ओळ देतो. सत्तराव्या स्तोत्राची सुरुवात, देवाला मदतीला लवकर धावून येण्याची हाक. भूक लागली तरी तीच, भूक मेली तरी तीच. झोप येईना तरी, राग आवरेना तरी, आणि सगळं छान चाललंय असा गर्व चढला तरीही तीच. ही ओळ आपल्याला जुन्या, मोजक्या उरलेल्या वडिलांकडून मिळाली असंही तो सांगतो. त्याने ती शोधून काढलेली नाही. आणि तिचा सूरही पाहा. ही बुडणाऱ्याची हाक आहे. सुखात असताना बुडणाऱ्याची हाक म्हणत राहायची हे अवघड, थोडं अपमानास्पदसुद्धा. म्हणूनच ती ओळ टिकली. संत बेनेडिक्टच्या नियमावलीतून ती मठांच्या रोजच्या उपासनेच्या आरंभी जाऊन बसली आणि आजही तिथेच आहे.

"पण हा तर नामजपच झाला," आत्या म्हणते, आणि नगरच्या मंडळीत हा शब्द सौम्यपणे उच्चारला जात नाही. धर्मांतराच्या वेळी जे मागे टाकलं ते मागच्या दाराने परत आणता काय, असा त्यातला अर्थ. भाचीच्या पिढीला हे भय जुनाट वाटतं. मला ते जुनाट वाटत नाही, पण अपुरं वाटतं. मराठी ख्रिस्ती माणसाने वारकऱ्यांकडून काही घेतलंच नाही, असं म्हणायला आधी रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मंडळीबाहेर काढावं लागेल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो असं सांगत, आणि त्यांनी अभंगातूनच उपासना केली. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनं उभी राहिली ती टाळ-मृदंगासकट. तेव्हा प्रश्न कुठून आलं हा नाहीच. घेतलेल्या गोष्टीने आपल्याकडे काय काम केलं, हा आहे. आणि इथे कीर्तनच माझ्या मदतीला येतं. अभंगाला ध्रुवपद असतं. प्रत्येक कडव्यानंतर गाणारा तिथे परततो, तेच शब्द पुन्हा म्हणतो, आणि कडवं बदललेलं असल्यामुळे ध्रुवपदही दर खेपेला थोडं वेगळं ऐकू येतं. पण ध्रुवपद अभंगाच्या आतलंच असतं. कडवी गाळून नुसतं ध्रुवपद रात्रभर म्हणणाऱ्याला आपण कीर्तनकार म्हणणार नाही. घरातल्या प्रार्थनेचा शब्द मला असा ध्रुवपदासारखा हवा आहे.

असं म्हटल्यावर मला एका मोठ्या परंपरेशी थोडं फटकून वागावं लागतं, ते उघडपणे सांगतो. एक शब्द घेऊन प्रार्थना करण्याचा जो प्रकार आज जगभर प्रसिद्ध आहे त्यात शब्दाचा अर्थ मुद्दाम बाजूला ठेवतात. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज लेखकाने 'द क्लाउड ऑफ अननोइंग' या पुस्तकात एकाच उच्चाराचा छोटासा शब्द घ्यायला सांगितलं, आणि मन त्या शब्दाचा अर्थ उकलू लागलं तर ते करू नये असंही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर गावच्या ट्रॅपिस्ट मठात विल्यम मेनिंगर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी त्यावरून 'सेंटरिंग प्रेअर' ही पद्धत बसवली. तिच्यात पवित्र शब्द हा फक्त आपल्या संमतीची खूण असतो. जॉन मेन या बेनेडिक्टाइन संन्याशाने 'मारानाथा' हा अरामी शब्द दिला, जो पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अखेरीस येतो. आणि जपाचं तंत्र तो मठात जाण्याआधी मलायात एका हिंदू स्वामींकडून शिकला होता. "बघ!" असं आत्या म्हणणारच. पण तिच्या बाजूचा खरा पुरावा स्वामींत नाही, तो १९८९ च्या व्हॅटिकनच्या पत्रात आहे. कार्डिनल रॅट्झिंगरांच्या सहीच्या त्या पत्राने अशा पद्धतींवर सरसकट बंदी घातली नाही. सावध मात्र केलं: शरीर-मन निवांत झाल्याने येणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचं सांत्वन, अशी गल्लत करू नका. मठातल्या माणसाला ही गल्लत टाळायला भोवती दिवसातून अनेकदा स्तोत्रपठण असतं, वडीलधारी असतात, मौनही त्या सगळ्याच्या मधोमध असतं. सकाळी डबे भरणाऱ्या, लोकल पकडणाऱ्या घरात यांतलं काहीच नसतं. तिथे अर्थ काढून घेतलेला शब्द उरला की तो झोपेच्या गोळीसारखा वापरला जातो. म्हणून मठासाठी ती वाट योग्य असेलही; घरासाठी मला अर्थ असलेला, अंगावर येऊ शकणारा शब्द हवा.

आता भाचीच्या शब्दाकडे येऊ. 'शांत' तिने शेहेचाळिसाव्या स्तोत्रातून घेतला. शांत राहा आणि मी देव आहे हे ओळखा, या अर्थाची ती प्रसिद्ध आज्ञा. भिंतीवरच्या तक्त्यांत तिच्यामागे बहुधा तळं असतं, पहाट असते. स्तोत्रात तळं नाही. समुद्र खवळलेला आहे, डोंगर ढासळताहेत, राष्ट्रं गर्जताहेत. आणि आज्ञेच्या लगेच आधीच्या ओळीत देव धनुष्यं मोडतो आहे, भाले तोडतो आहे, रथ जाळतो आहे. तिथल्या हिब्रू क्रियापदाचा भाव हात सैल सोडण्याचा, हातातलं टाकून देण्याचा आहे. त्या जागी ते ऐकलं की सांत्वनापेक्षा दरडावणी जास्त ऐकू येते: लढणाऱ्यांनो, पुरे करा. भाचीने शब्द घेतला तो ऑफिसातली दगदग सोसता यावी म्हणून. स्तोत्र तिला विचारतं आहे की तुझ्या हातात कोणतं शस्त्र आहे. जाऊबाईंशी तीन वर्षं चालू असलेला अबोला हेही शस्त्रच. एवढा एक अध्याय पुन्हा वाचला असता तर शब्द तोच राहून त्याने तिचं वर्ष पार वेगळ्या दिशेला नेलं असतं. स्वतः निवडलेल्या शब्दाची अडचण ही आहे. आपल्याला काय हवं आहे ते आधी ठरतं, मग शास्त्रात त्याला साजेसा शब्द सापडतो, मग वर्षभर तो शब्द आपलंच म्हणणं आपल्याला परत ऐकवतो. आरशावर चिकटवलेला कागद आणि आरसा यांत मग फारसा फरक राहत नाही.

यावर भाचीचं प्रत्युत्तर बिनतोड वाटतं: "मग आत्या, तुमच्या वाग्दत्त वचनाच्या कार्डांचं काय? ती तर कुणी निवडत नाही. जागरण उपासनेत थाळीतून उचलता." एकतीस डिसेंबरच्या रात्री अनेक मंडळ्यांत असा कार्यक्रम असतो हे खरं. प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं, त्यावरचं वचन वर्षभराचं. पण निवड इथेही झालेली असते, थाळी भरणाऱ्याकडून. त्या कार्डांत आशीर्वादच असतात. आमोसाचा संताप किंवा याकोबाच्या पत्रातली श्रीमंतांची खरडपट्टी कुणाच्या कार्डावर येत नाही. सर्वांत लाडकं वचन यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं, तुमच्या भवितव्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत या आशयाचं. ते ज्या पत्रात आहे ते बाबेलमध्ये बंदी म्हणून गेलेल्यांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबा असं बजावलं आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या नशिबी परतणं नव्हतं. घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात बंदी आहात त्याचंच भलं मागा, असा त्यांना हुकूम होता. कार्डावर सत्तर वर्षं छापली तर ते कार्ड थाळीतच राहील.

मग मिळालेला शब्द म्हणजे नेमका कसा, याचं उत्तम उदाहरण जर्मनीच्या पूर्व टोकाला, हेर्नहूट या गावात आहे. मोराव्हियातून छळामुळे निघालेल्या लोकांनी १७२२ पासून काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर ते वसवलं. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी झिंझेनडॉर्फने गायनसभेत जमलेल्यांना दुसऱ्या दिवसासाठी एक छोटं वाक्य दिलं. पुढे रोज सकाळी कुणीतरी ते वाक्य घेऊन गावातल्या बत्तीस घरांची दारं ठोठावू लागला. वाक्य पोचवायचं आणि त्या निमित्ताने घरात आजारी कोण, रुसलेलं कोण, हेही पाहायचं. १७३१ पासून ही वचनं वर्षभराची एकत्र छापली जाऊ लागली आणि तेव्हापासून ती 'लोझुंगेन' या नावाने निघताहेत. या शब्दात चिठ्ठीचाही अर्थ आहे आणि पहारेकऱ्याच्या परवलीच्या शब्दाचाही. जुन्या करारातली ओळ खरोखरच चिठ्ठी काढून ठरते. "म्हणजे कौल लावणंच की," आत्या म्हणते, आणि तिच्या पाठीशी थेट संत ऑगस्टीन उभा आहे. संसारातल्या व्यवहारांसाठी शुभवर्तमानाची पानं उघडून कौल घेणाऱ्यांवर त्याने एका पत्रात नापसंती दाखवली आहे. पण कौल लावणारा आपला प्रश्न घेऊन येतो: लग्न जमेल का, खटला जिंकू का. हेर्नहूटच्या चिठ्ठीला प्रश्नच नसतो. ती सुमारे तीन वर्षं आधी काढलेली असते. त्या दिवशी काय वाढून ठेवलं आहे हे काढणाऱ्याला माहीत नसतं, आणि ती सर्वांना एकच असते. जिचं लग्न आज आहे तिलाही आणि ज्याची मयत आज आहे त्याच्या घरालाही तीच. माझं नशीब काय हे विचारायची सोयच त्यात ठेवलेली नाही. शिवाय चिठ्ठीवर काम संपत नाही. त्या ओळीच्या जोडीला नव्या करारातली दुसरी ओळ माणसं विचार करून, वाचून, शोधून निवडतात. आधी स्वीकार, मग विचार. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. मराठीत आपण 'शब्द' म्हणतो तो दिलेला असतो, आणि घेणाऱ्याने मग त्याला जागायचं असतं. स्तोत्र १३६ चं पालुपद ज्या हिब्रू शब्दाभोवती फिरतं त्या 'हेसेद'साठी दया, कृपा, प्रेम असे प्रतिशब्द योजतात आणि ते सगळे तोकडे पडतात. त्यात दिल्या शब्दाला जागणारी माया आहे.

याच परंपरेत वाढलेल्या एका उदाहरणावर दोघींचं पुन्हा जुंपतं. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन धर्मपंडित रोज लोझुंगेन वाचत असे. १९३९ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित होता, युद्ध तोंडावर होतं, आणि त्याची रोजनिशी या वचनांच्या नोंदींनी भरलेली आहे. २६ जूनला त्याच्या वाचनात पौलाने तीमथ्याला हिवाळ्याआधी निघून ये असं लिहिलेलं आलं. ते आपल्यालाच सांगितलं आहे असं मानलं तर शास्त्राचा गैरवापर होत नाही, असं त्याने टिपून ठेवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तो जहाजावर चढला, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं गेलं. भाची म्हणते, बघा, वचन असं काम करतं. आत्या म्हणते, त्याला परत जायचंच होतं. पौलाने तीमथ्याला आपला झगा आणि चर्मपत्रं आणायला सांगितली, त्याचा जर्मनीशी संबंध काय? इथे आत्या बरोबर असू शकते, हे मान्य केलं पाहिजे. बॉनहोफरच्या मनाचा कल कुठे होता हे त्याच्या आधीच्या नोंदींतूनही दिसतं. पण एक फरक शिल्लक राहतोच. आपण ठरवलेला शब्द सहसा आपल्याला सुखाकडे नेतो. त्याचा शब्द त्याला धोक्याकडे नेत होता आणि तरीही तो त्याने खोडला नाही. शब्द खरा की आपलाच प्रतिध्वनी, याची पक्की कसोटी कुणापाशीच नाही. नुकसान सोसायला लावणारा शब्द मात्र थोडा जास्त विश्वासार्ह असतो.

मग घरात प्रत्यक्ष करायचं काय? मला वर्षाचा शब्द लांब वाटतो. फेब्रुवारीत त्याचा कागद पिवळा पडतो आणि नजर सरावते. आठवड्याचा बरा. रविवारी चर्चमध्ये जो शास्त्रपाठ होतो तो आपण निवडलेला नसतो, हीच त्याची मोठी सोय. त्यातला एक शब्द सोमवारी घरात उतरवावा, आणि शनिवारी रात्री तो पूर्ण उतारा पुन्हा मोठ्याने वाचावा, म्हणजे शब्द आपल्या जागी परत जातो. जुन्या करारातलं 'अनुवाद' हे पुस्तक घरातल्यांशी बसता-उठता, वाटेने चालता, निजताना वचनांविषयी बोला आणि ती दाराच्या चौकटीवर लिहा असं सांगतं तेव्हा तेही एकट्याच्या मनाविषयी बोलत नाही. चौकटीतून घरातले सगळेच जातात. भाची लगेच पकडते: "पण प्रभूने दार लावून एकांतात प्रार्थना करायला सांगितली ना?" सांगितली, पण त्या खोलीसाठी मत्तयाने वापरलेला शब्द, तामेइओन, कोठीच्या खोलीचा आहे. धान्य-तेल ठेवायची जागा. रोजच्या जेवणाचं सामान जिथून निघतं तिथेच प्रार्थना लपवून ठेवा, असं त्यातून मला ऐकू येतं. आणि अंथरुणाला खिळलेल्या, स्मरणशक्ती गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्याचा नवा शब्द झेपणार नाही, या आक्षेपाशी तर मी लढतच नाही. अशा माणसापाशी आयुष्यभर वाचलेल्या अध्यायांतून एखादा शब्द आपोआप शिल्लक उरतो, आणि तो बदलायचा अधिकार घरातल्या कुणालाही नाही. आत्या इथे पहिल्यांदाच मान डोलावते. रोजचा अध्याय ती याचसाठी वाचते, असं तिचं म्हणणं.

समजा, या रविवारी पाठ आमोसाच्या पाचव्या अध्यायाचा आला. तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं देव म्हणतो तो भाग. सोमवारी कागदावर कोणता शब्द लिहायचा? आत्या क्षणाचाही वेळ न लावता म्हणते, "न्याय." भाची म्हणते, "तो तर आपल्याला आवडणारा शब्द झाला. गोंगाट लिहू." आत्या चाळीस वर्षं मंडळीच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहते आहे. ती चष्मा काढते, उतारा पुन्हा वाचायला मागते, आणि म्हणते की तो शब्द त्या काळच्या इस्राएल लोकांसाठी होता. भाची काही बोलत नाही. पेनाचं टोपण काढून कागद आत्याच्या पुढ्यात सरकवते.